सलामीचा बार आणि दोन परड्या

रागावलेल्या माणसाच्या हातात परडी देऊ नये. बंदूक एक वेळ द्यावी, परडी नको. वाक्य विचित्र वाटेल, पण हा चहा संपेपर्यंत पटेल तुम्हाला. नाहीच पटलं तर पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथे जाऊन कोणालाही विचारा. माझं नावसुद्धा सांगायची गरज नाही. 'पुडीवाला मास्तर' एवढं म्हणा, हसत हसत घर दाखवतील.

तेव्हा मी महाडला शाळेत मास्तर होतो. वाडीतल्या घरी दादा आणि वहिनी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पोलादपूरच्या बाजारात त्याची पिठाची गिरणी होती, थोडी शेती होती, आणि शिमग्यात जननीदेवीच्या पालखीला बंदुकीची सलामी देण्याचा मान होता. पालखी सहाणेवरून, म्हणजे देवीच्या त्या दगडी ओट्यावरून, उठण्याआधी तीन बार काढायचे. बार झाल्याशिवाय पालखी खांद्यावर घ्यायची नाही. आमच्या घराचा आणखीही एक मान होता, तो थोरल्या सुनेचा. पालखीच्या दिवशी गावाला जो अंगारा वाटतात, त्याच्या पुड्या वहिनींनी बांधायच्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून त्या बांधत होत्या.

मग एका पावसाळ्यात दादा गेला. छातीत दुखतंय म्हणाला, आणि महाडला न्यायला जीप येईपर्यंत थांबला नाही. त्याबद्दल इथे जास्त बोलत नाही.

पहिला शिमगा दुखवट्याचा. दुखवट्यात मान दुसऱ्या घरी जातो, तसा तो गेला. बंदुकीचा मान माझा चुलत भाऊ पांडूतात्या याच्याकडे, आणि अंगाऱ्याचा त्याच्या बायकोकडे. रीतच आहे, तक्रार नाही. पण दुखवटा संपला की उसना घेतलेला मान परत करायचा, हीही रीतच ना? तेवढी मात्र तात्या विसरला.

आणि त्या एका वर्षात त्याने काय दिवे लावले होते ते ऐका. आमची बंदूक ठासणीची, त्यातही जुन्यातली जुनी, चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते. चाप ओढला की घोडा पोलादी पट्टीवर आपटतो, ठिणगी पडते ती बाजूच्या वाटीत. त्या वाटीला कान म्हणतात आणि त्यातल्या चिमूटभर दारूला रंजक. रंजक पेटली की आग बारीक छिद्रातून नळीत जाते, आणि मग खरा बार होतो. (दारू म्हणजे बंदुकीची. दुसरीबद्दल लोक या किश्श्यात आधीच बरंच बोललेले आहेत.) तर दादाचा एक नियम होता. दारूचं शिंग, म्हणजे दारू साठवायचं पोकळ शिंग, आणि बंदुकीचं तोंड, या दोघांची गाठ कधी घालायची नाही. पहिला बार झाल्यावर नळीत एखादा निखारा धुमसत असतो. त्यावर थेट शिंगातून दारू ओतली तर आग शिंगात चढते. म्हणून दादा आदल्या दिवशी मापाने दारू घेऊन कागदी काडतुसं करून ठेवायचा. एका बाराला एक काडतूस. प्रत्येक बारानंतर गजाला ओली चिंधी लावून नळी पुसायची, मग कोरडी, मग थोडा दम धरायचा, आणि मगच दुसरं काडतूस. तात्याने हे सगळं दादा करताना वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तरी दुसऱ्या बाराला त्याने शिंगच उपडं केलं. भडका उडाला, अर्धी मिशी आणि एक भुवई देवीच्या चरणी गेली. हात वाचला, डोळा वाचला, हे नशीब. आणि हा माणूस म्हणत होता, मान आता माझ्याकडेच राहू दे.

मी महाडला हे ऐकलं आणि जो चिडलो तो चिडलोच. तोवर बंदुकीला मी कधी हातही लावला नव्हता. पण परवाना माझ्या नावावर करून घेण्यासाठी कचेरीत इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई मला चहा विचारू लागला. शिमग्याची रजा टाकली, परवान्यावर दारू घेतली आणि वाडी गाठली.

"भावजी, जमंल ना तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"त्यात काय आहे न जमण्यासारखं? तात्याला जमतं तर मला नाही?"

"तात्याला कुठं जमलं?" वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

आदल्या दिवशी दुपारी पडवीत बसलो. चूल लांब, विडीकाडी लांब, सगळी खबरदारी. कागदासाठी शाळेतून चाचणी परीक्षेचे उरलेले पेपर आणले होते. दादा लाकडी रुळावर कागद गुंडाळून बोटभर लांबीची नळी करायचा, एक टोक दोऱ्याने बांधायचा, दारू भरून दुसरं टोक पिळायचा. मीही रुळावर कागद गुंडाळला. रूळ काढला की नळी बसायची. नळी उभी राहिली की दोरा सुटायचा. दोरा बसला की दारू खालून सांडायची. प्रत्येक नळीसरशी माझा राग चढत गेला. नळीवरचा नाही, तात्यावरचा. कारण समोरच्या रस्त्याने तो तिसऱ्यांदा 'सहज' चालला होता.

"काय मास्तर, पेपर तपासतोयस काय रे?"

मी नळ्यांचा नाद सोडला आणि सरळ चौकोनी पुड्या बांधायला घेतल्या. किराणा दुकानात जिऱ्याची बांधतात तशा. घट्ट, सुबक, एकही सांडेना. मला इतका आनंद झाला की वहिनींना हाक मारून दाखवल्या.

"ह्यांची काडतुसं अशी नसायची, भावजी."

"नळी काय आणि पुडी काय? आत दारू तीच ना?"

वहिनींना कागद हवा होता. भिकू गुरव अंगाऱ्याचा कलश ठेवून गेला होता, त्याच्या पुड्या बांधायच्या होत्या. मी मोठ्या मनाने अर्धा गठ्ठा त्यांना दिला. म्हणजे बघा, तोच कागद, तोच आकार, तीच घडी. त्यांच्या पुड्या एका परडीत, माझ्या दुसऱ्या परडीत. दोन्ही परड्यांवर दादाच्या एकाच धोतराचे दोन तुकडे झाकले आणि दोन्ही माजघरातल्या फळीवर, कोरड्या जागी, शेजारीशेजारी ठेवल्या. तीन बारांना तीन पुड्या पुरल्या असत्या. पण रागाच्या भरात परडीभर बांधून झाल्या होत्या.

इथपर्यंत तुम्हाला सगळं दिसतंय. मला का दिसलं नाही, असं तुम्ही मनात म्हणताय. सांगतो ना.

दुसऱ्या दिवशी दुपार कलायच्या सुमारास भिकू गुरव अंगारा न्यायला आला. रीतीप्रमाणे वहिनींनी परडीला हळदकुंकू लावून ती उंबऱ्यावर त्याच्या हातात द्यायची. वहिनी मागल्या दारी हातपाय धूत होत्या. गुरवाच्या मागून पांडूतात्या आला. नवं धोतर, पांढरी टोपी, पुन्हा वाढवलेली मिशी.

"मास्तर, भांडायला नाय आलो हां," तो म्हणाला. अशी सुरुवात करणारा माणूस कशाला येतो ते तुम्हाला माहीत आहे. "बंदूक तू घेतलीस, घे. तुझ्या भावाची हाय. पण अंगाऱ्याचं काय ते बघायला होवं."

"काय बघायला हवं?"

"आता वहिनीच्या कपाळाला काय हाय काय? तिनं देवीचा अंगारा बांधायचा, आनि गावानं तो कपाळाला लावायचा? लोक बोलतात रे. माझी बायको बांधंल. घरातलीच ना ती पन?"

भिकू गुरव खाली बघू लागला. मागल्या दारी तांब्या ठेवल्याचा आवाज झाला, म्हणजे वहिनींनी ऐकलं होतं.

मी शांत माणूस आहे. पंचवीस वर्षं मास्तरकी केली, पट्टीचा उपयोग रेघा मारायलाच केला. पण त्या दिवशी माझ्या कानशिलात जे काही पेटलं, त्याला रंजकही लागली नाही.

"कोण लोक?" मी म्हणालो. "नावं सांग. दादा असताना ज्यांनी गिरणीत उधारीवर दळण नेलं ते लोक? की त्याच्या तेराव्याला जेवून गेलेले?"

"अरे, मी काय..."

"ज्या बाईने आयुष्यभर पुड्या बांधल्या, तिचा हात नवरा गेल्यावर बाटला? तुझी अर्धी मिशी देवीने घेतली तरी तू शुद्ध, आणि ती अशुद्ध? अंगारा याच घरातून जाईल. आत्ता जाईल. भिकू, थांब."

आणि मी तरातरा माजघरात गेलो, हाताला आली ती परडी उचलली, भिकूच्या हातात कोंबली, आणि दुसरी माझ्यासाठी काखेत मारली. हळद नाही, कुंकू नाही. वहिनी पदराला हात पुसत येईपर्यंत भिकू अंगणाबाहेर पोचला होता आणि मी बंदूक खांद्यावर टाकत होतो.

"भावजी, मी देत होते की परडी."

"दिली मी. त्या तात्याच्या नाकावर टिच्चून दिली."

वहिनींनी अंगाऱ्याच्या परडीवर सकाळीच झेंडूचं फूल ठेवलं होतं. ते मला सहाणेवर पोचल्यावर दिसलं. माझ्या परडीत होतं. तुम्ही समजलात. मी समजलो नाही. मला वाटलं, वहिनींनी दादाच्या बंदुकीच्या दारूलाही फूल वाहिलं. मी ते फूल उचलून बंदुकीच्या दस्त्याला दोऱ्याने बांधलं. आता काय बोलणार?

सहाणेवर सगळा गाव जमला होता. मुंबईकर पोरं गॉगल लावून पुढे. ढोल वाजत होते, पालखी सजून बसली होती, शेजारी धुपाटण्यात निखारे फुललेले. भिकू रांगेने पुड्या वाटत होता. आमच्याकडे पुडी लगेच उघडत नाहीत. हातात धरून उभं राहायचं, बार झाले आणि पालखी खांद्यावर चढली की मग अंगारा कपाळाला लावायचा, चिमूटभर जिभेवर ठेवायचा. सगळा गाव हातात पुडी घेऊन माझ्याकडे बघत उभा होता.

गावकीचे म्हातारे पाटीलबाबा म्हणाले, "काढ रं मास्तर. भावाचं नाव राख."

मी दादाचा एकेक नियम पाळला. लोकांना लांब सरकवलं. तांब्याभर पाणी आणि चिंध्या जवळ ठेवल्या. घोडा खाली आहे, कान रिकामा आहे, हे पाहिलं. मग पुडीचा कोपरा नखाने फाडून ती नळीच्या तोंडात उपडी केली. आणि भरताना नळीच्या तोंडावर तोंड आणायचं नाही हा नियम मी इतका कसून पाळला की मान पार उलट्या दिशेला फिरवली. इतक्या सुरक्षितपणे आजवर कोणी बंदूक भरली नसेल. नळीत काय चाललंय ते बघितलंसुद्धा नाही. कागदाचा बोळा वरून सारला, गज तळहाताने न दाबता बोटांनी ठासला, छोट्या शिंगातून कानात रंजक घातली, नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला.

कानात फस्स झालं. धुराची एक शेंडी निघाली. बस. पुढे काही नाही.

ढोलवाला थांबला. बार उशिरानेही उडतो म्हणून मी नळी तशीच आभाळाकडे धरून उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. गर्दीतून एका मुंबईकराचा आवाज आला, "मास्तर, बॅटरी डाउन हाय काय?"

छिद्र सुईने साफ केलं, पुन्हा रंजक घातली. पुन्हा फस्स. आता लोक हसू लागले. आणि सगळ्यात पुढे, नवीन मिशीखालून, पांडूतात्या हसत होता.

त्या हसण्यासरशी मला सगळा उलगडा झाला. म्हणजे तसं वाटलं. आदल्या दिवशी तीन वेळा 'सहज' फेऱ्या, ऐन वेळी घरात येऊन भांडण. मी बंदूक सहाणेच्या दगडाला टेकवली आणि त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"काय घातलंस दारूत? पाणी घातलंस ना?"

"खुळा झालास काय रे?"

"माझ्या दारूला हात लावलास तू. दादाचं नाव गावासमोर खाली पाडायला. सांग इथे, देवीसमोर."

तात्याचं हसू गेलं. तोही रागाने लाल झाला.

"देवीसमोर सांगू? सांगतो की. भाऊ म्हणून गप होतो इतका टाईम." त्याने हातातली पुडी वर धरली. "हा जननीचा अंगारा. मी मास्तरच्या दारूला हात लावला असंल तर आईनं माझं इथंच काय ते करावं." आणि पुडी फाडून त्याने बोटं बुडवली, आडवी कपाळावरून ओढली, चिमूट जिभेवर टाकली.

कपाळ काळं झालं.

राखाडी नव्हे. तव्याच्या बुडासारखं काळं. घामाबरोबर एक ओघळ नाकावर उतरला.

पाटीलबाबा हळूच म्हणाले, "पांडू, आईनं तोंड काळं केलं रं तुझं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मॅट्रिक पास झाल्यावरही झाला नव्हता. मी विज्ञान शिकवणारा माणूस. नवसावर, अंगात येण्यावर वर्गात व्याख्यानं देणारा. पण मनात म्हणालो, आई, उशीर केलास पण निवाडा चोख केलास. तात्याने कपाळाला हात लावला, बोटं पाहिली, आणि तो मोठा दांडगा माणूस दोन पावलं मागे सरला.

"मी नाय केलं," तो म्हणाला. "आईशप्पत मी नाय केलं रे." मग थुंकला. "खारट हाय."

"पापाची चव," मी म्हणालो. हेही मी म्हणालो.

तेवढ्यात चंद्राकाकी, आमच्या वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई, पुढे आली. तिला धीर नव्हता, तिने आधीच पुडी उघडली होती. "अगो बाय, माझा पन काला हाय. मी काय केलाय?" मग शेजारणीने आपली पुडी उघडली. तिचाही काळा. मग सगळ्यांनीच भराभर उघडल्या. कोणी लावून पाहिला, कोणी जिभेवर. पाटीलबाबांनी स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि बोटाकडे बघत राहिले. एकट्या तात्याचं नव्हे, अख्ख्या गावाचं तोंड काळं झालं होतं. बायका रडू लागल्या. आई कोपली, आई कोपली, असा एकच गलका. भिकू गुरव घाबरून पालखीपुढे बसला, उरलेल्या पुड्यांची परडी शेजारी ठेवली, धुपाटणं ओढलं आणि आईला शांत करायला निखाऱ्यांवर जोरजोरात फुंकर मारू लागला.

एक ठिणगी उडाली आणि परडीच्या कडेला विझली.

आणि मला वास आला. गंधकाचा. मी तात्याच्या कपाळाकडे नीट पाहिलं. काळ्या कणांना चमक होती. बंदुकीकडे पाहिलं, दस्त्यावर झेंडू. भिकूच्या परडीकडे पाहिलं, वर दादाच्याच धोतराचा तुकडा. मास्तरांना इतक्या उशिरा का होईना, उत्तर आलं.

पुढचं मी विचार करून केलेलं नाही. तांब्या उचलला, धावलो आणि देवीच्या पेटत्या धुपाटण्यावर सगळं पाणी ओतलं. दुसऱ्या हाताने भिकूपुढची परडी हिसकावली आणि छातीशी धरून मागे पळालो. शिमग्याच्या पालखीपुढे देवीचा धूप विझवणारा आणि अंगारा पळवणारा माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला असेल. मुंबईकरांनी मला धरलं.

"सोडा," मी ओरडलो. "पुड्या खाली ठेवा सगळ्यांनी. विड्या विझवा. ती दारू आहे. माझी दारू आहे."

"प्यायलाय," कोणीतरी म्हणालं.

मग मी सांगितलं. कपाळ काळं झालेल्या सगळ्या गावासमोर, तात्याला समोर उभा ठेवून, सांगितलं. की तात्याने काही केलेलं नाही. बंदुकीत देवीचा अंगारा ठासला आहे आणि गावाच्या कपाळावर बंदुकीची दारू आहे. परडी मी बदलली. मीच. एकट्याने.

चंद्राकाकीने आपली जीभ पदराने पुसली. मग कोणीतरी फिस्स केलं, आणि मग सहाणेच्या दगडांनाही हसू आवरलं नसेल. हसले नाहीत ते दोघंच. तात्या आणि मी.

पुड्या गोळा झाल्या. काहींनी दिल्या, काहींनी नाही म्हटलं. एक बाई म्हणाली, माझी अर्धशिशी थांबली, मी नाही देत. तिच्याशी वाद घालण्यात माझी शिमग्याची हौस पुरती भागली. लोकांनी तोंडं धुतली. बंदुकीला पेच लावलेला गज घालून कागदाचा बोळा आणि अंगारा काढला, नळी पुसली, वाळवली. पालखी तोवर सहाणेवर बसून होती. देवीलाही घाई नसावी.

मी बंदूक तात्यापुढे धरली. "घे. तूच काढ."

त्याच्या कपाळावर अजून काळं होतं. धुतलं नव्हतं, मुद्दाम. "मी नाय काढणार," तो म्हणाला. "आयुष्यभर बोलशील, बार चुकला तवा तात्यानं मान उचलला. तू काढ. नि या टायमाला बंदुकीकडे बघ जरा."

मी काढले. तीन बार. पुडी उघडताना बघितलं, ओतताना तोंड बाजूला पण डोळे पुडीवर, प्रत्येक बारानंतर ओली चिंधी, कोरडी चिंधी, दम. पहिला बार असा झाला की समोरच्या डोंगरातून परत आला. त्या आवाजात कोणाला माझे डोळे दिसले नाहीत, हे बरं झालं.

पालखी उठली. मला वाटलं, संपलं. हसं झालं, पण मान राहिला.

मग पाटीलबाबांनी गावकीतल्या चार जणांशी बोलून निवाडा सांगितला. "बंदुकीचा मान मास्तरच्या घरातच. बार चांगलं झालं." मी वहिनींकडे पाहिलं. "पन दारू नि अंगारा एका घरात नको. आज देवीनं वाचवलं. अंगारा हितनं पुढं पांडूच्या घरी बांधायचा."

"बाबा," मी म्हणालो, "चूक माझी आहे. वहिनींनी काहीच..."

"वहिनीला कोन बोललं काय? ती बाय सोन्याची. विधवा हाय म्हनून तर अजाबात नाय हां, ती गोष्ट वेगळी. घराचं बोलतोय आमी. तुझ्या घराचं."

म्हणजे बघा. जे तात्याला दारात येऊन, अपमान करून, लोकांचं नाव पुढे करून मिळालं नव्हतं, ते मी त्याला गावासमोर, एकमताने, मिळवून दिलं. आणि तेही वहिनींचा अपमान सहन न होऊन.

घरी आलो. वहिनींनी रिकाम्या परड्या धुऊन अंगणात उपड्या ठेवल्या. मी पडवीत बसून राहिलो. पाणी आणून दिलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तात्या अख्खा गाव घेऊन आला असता तरी मी परडी सोडली नसती, भावजी. तुम्ही माझ्यासाठी भांडत होता, म्हणून मी मधे बोलले नाय."

मी उठलो, अंगणातल्या दोन्ही परड्या आणून फळीवर ठेवल्या, मधे हातभर जागा सोडून.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम बदलला आहे. आधी बार, मग अंगारा. मी तीन बार काढतो, बंदूक पुसून ठेवतो आणि रांगेत जाऊन उभा राहतो. परडी घेऊन तात्याची बायको बसलेली असते, शेजारी तात्या. माझ्या पुढे वहिनी असतात. त्या पुडी घेतात, उघडण्याआधी क्षणभर हातात तोलून बघतात. दर वर्षी. आणि दर वर्षी तात्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो,

"लावा वहिनी, खुशाल लावा. मास्तरनं हात नाय लावलाय."